परसबागेत बोललेले एक खोटे



चर्चच्या मागे, स्वयंपाकघराचे दार आणि कुंपणाची भिंत ह्यांच्या मधली चिंचोळी जागा आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. पूर्वी तिथे मोडकी बाके, मांडवाचे बांबू आणि नाताळच्या गोठ्याचे गंजलेले पत्रे पडून असत. गेल्या दोन वर्षांत आम्ही ती जागा साफ करून तिथे बाग केली. बाग हा शब्द जरा मोठाच झाला. एक कागदी लिंबाचे रोप, एक कढीपत्ता, आधीपासून असलेला पेरू, भिंतीवर चढलेला घोसाळ्याचा वेल, झेंडूच्या दोन ओळी, आणि टोमॅटोच्या जुन्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये माती भरून लावलेली पालेभाजी, एवढाच तिचा पसारा. एक गुलाबही आहे. मोगलांच्या काळी आपल्या ह्या शहराला गुलशनाबाद म्हणत, पण आमच्या गुलाबाकडे पाहून कोणाला ते खरे वाटणार नाही.

ह्या बागेत आम्ही एकटे राबतो असे समजू नका. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशींची नात रोज दुपारी बालवाडीतून थेट इथे येते. वय वर्षे साडेचार. तिची आई कामावरून संध्याकाळी परतते, तोपर्यंत मुलगी आजीजवळ असते, म्हणजे खरे तर आमच्याजवळ बागेत असते. ती आम्हाला "ए फादर, ये ना" अशी हाक मारते, आणि आतून मावशी ओरडतात, "अगं, 'या' म्हण!" मग ती "या ना" म्हणते आणि पुढच्या वाक्याला पुन्हा "ये" वर येते. आमची काही तक्रार नाही.

पुढे जे लिहिले आहे ते मावशींना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीने लिहिले आहे. ते सांगण्यापूर्वी बागेतल्या आनंदाबद्दल थोडे सांगू द्या, कारण तो नसता तर पुढचा प्रश्न उभाच राहिला नसता.

लहान मुलाबरोबर बाग करताना काम होत नाही. आधी आम्हाला ह्याचा त्रास होई. अर्ध्या तासात एक क्रेट भरायचा बेत असे, आणि अर्धा तास एका गोगलगायीपुढे बसण्यात जाई. पावसाळ्यात फरशीवर गांडुळे येतात. पाऊस थांबून ऊन पडले की ती सुकायला लागतात. ही मुलगी एकेक गांडूळ पिंपळपानावर घेऊन क्रेटपाशी नेई आणि मातीत सोडी. त्यातले एकही आमच्या पायाखाली येता कामा नये असा तिचा हुकूम होता, त्यामुळे आम्हाला एका पायावर उभे राहावे लागे. असिसीच्या संत फ्रान्सिस ह्यांचे चरित्र त्यांच्याच काळातल्या चेलानोच्या थॉमस ह्यांनी लिहिले आहे. त्यात संत फ्रान्सिस वाटेवरचे किडे उचलून बाजूला ठेवत, ते कोणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून, असे आहे. सेमिनरीत ते वाचले तेव्हा आम्हाला ती भाविक अतिशयोक्ती वाटली होती. आता वाटते की संत फ्रान्सिस ह्यांच्यामध्ये साडेचार वर्षांचे मूल शेवटपर्यंत जिवंत राहिले असावे.

ऑगस्टच्या शेवटी पाऊस जरा ओसरला तेव्हा आम्ही मेथी पेरली. मेथी हे मुलांचे बी आहे. हातात नीट मावते आणि तीन-चार दिवसांत वर येते. पण तीन-चार दिवस हा साडेचार वर्षांच्या माणसाला फार मोठा काळ असतो. दुसऱ्याच दिवशी आम्ही पाहतो तो ही बाई बोटाने माती उकरून बी बाहेर काढते आहे. "आलं का बघते." आम्ही तिला सांगितले की असे उकरले तर ते येणार नाही. ती म्हणाली, "पण मग आलं ते कसं कळणार?" ज्ञानशास्त्राच्या तासाला हा प्रश्न कोणी विचारला असता तर आमचे प्राध्यापक खूश झाले असते.

उकरलेल्या त्या बियांपैकी एक फुगून फाटले होते. ती म्हणाली, "मेलं?" आम्ही म्हणालो, नाही, आता त्यातून मूळ येईल. ते तिला पटले नसावे. तिने ते बी परत पुरले आणि वरून थापट्या मारल्या.

मेथी आली. चांगली दाट आली. सप्टेंबरच्या अखेरीस मावशी तिची भाजी करायला निघाल्या तेव्हा मुलगी आडवी पडली. तीन क्रेटपैकी भिंतीकडचा एक क्रेट उपटायचा नाही. का, तर काही सांगेना. पुढे कळेल म्हणून आम्ही दोन क्रेटची मेथी काढली आणि तिसरा राहू दिला. मुले असे काहीतरी धरून बसतात, आपण त्यामागे फार जात नाही. जायला हवे होते.

आता लिंबाकडे येऊ. ज्यांनी अंगणात लिंबू लावले असेल त्यांना हा शत्रू ठाऊक आहे. कोवळी पालवी फुटली की एक काळे-पिवळे फुलपाखरू येते, एकेका पानावर एकेक बारीक अंडे ठेवते आणि निघून जाते. त्यातून येणारी अळी सुरुवातीला चिमणीच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून कोणी तिच्याकडे पाहत नाही. मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावले की डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लहान रोप असेल तर चार-पाच अळ्या आठवड्यात त्याच्या काड्या करून टाकतात. आमचे रोप दीड हाताचे आहे. आम्ही रोज सकाळी मिस्सा झाल्यावर अळ्या शोधून मारत होतो. मुलगी यायच्या आत.

ह्याबद्दल आम्हाला अपराधी वाटत नाही, हे स्पष्ट सांगतो. आपल्यापैकी काही जणांच्या निफाड, दिंडोरीकडे बागा आहेत. गोडी छाटणी झाली की डावणी आणि भुरी ह्यांच्या धाकाने रात्री झोप लागत नाही असे त्यांच्याकडून आम्ही ऐकतो. त्यांना "प्रत्येक जीव पवित्र आहे, फवारू नका" असे प्रवचन देण्याचा आमचा विचार नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली सृष्टीविषयी जे परिपत्रक लिहिले त्यात प्रत्येक प्राणिमात्राला आपल्या उपयोगापलीकडेही स्वतःचे मोल आहे असे ठामपणे म्हटले आहे, आणि ते आम्ही मानतो. पण मोल आहे म्हणजे हात लावायचा नाही असे नव्हे. शेतकरी किडीला मारतो ते भाकरीसाठी. तो प्रश्न वेगळा आहे, आणि सोपाही नाही. आमची अडचण मारण्यात नव्हती. ती "मुलगी यायच्या आत" ह्या शब्दांत होती.

एक दिवस बालवाडीला सुट्टी होती. ती सकाळीच आली. लिंबावर एक मोठी हिरवी अळी होती, आणि तिने आमच्या आधी ती पाहिली. शिंग काढायला लावून तिने तिच्याशी खेळून घेतले. मग पाणी प्यायला ती आत गेली आणि आम्ही तेवढ्यात ती अळी उचलून चपलेखाली संपवली. ती परत आली. "अळी कुठे गेली?"

आम्ही म्हणालो, "घरी गेली."

का म्हणालो? त्या क्षणी विचार केलाच नाही. तोंडातून गेले. लहान मुलांशी बोलताना असे शेकडो शब्द आपल्या तोंडून जातात. ती थोडा वेळ रिकाम्या पानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आजोबा गेले तशी?"

मावशींचे यजमान मे महिन्यात वारले. आपल्यातले पुष्कळ जण त्यांच्या अंत्यविधीला होतात. मुलीला त्या दिवशी शेजाऱ्यांकडे ठेवले होते. नंतर तिला सांगण्यात आले की आजोबा गावाला गेलेत. आम्हाला हे माहीत नव्हते. तिने विचारल्यावर आम्ही गडबडलो आणि काही बोललो नाही. तीच पुढे म्हणाली, "आजोबा आले की ती मेथी त्यांना देणार आहे. त्यांना आवडते."

तिसरा क्रेट त्यासाठी राखलेला होता.

बंधू-भगिनींनो, पुण्याला सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. असत्य भाषण ह्या विषयावर तिथे परीक्षेत चांगले गुण मिळाले होते. संत ऑगस्टीन ह्यांनी खोटे बोलण्यावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, पहिला इसवी सन ३९५ च्या सुमारास आणि दुसरा ४२० च्या सुमारास. दुसऱ्या ग्रंथात त्यांनी एक उदाहरण घेतले आहे. एक माणूस मरणाच्या दारात आहे. त्याचा एकुलता मुलगा वारला आहे, पण त्याला ते ठाऊक नाही. तो तुम्हाला विचारतो, माझा मुलगा कसा आहे? खरे सांगितले तर तो धक्क्याने मरेल. काय सांगाल? ऑगस्टीन कबूल करतात की ह्या उदाहरणाने आपले मन हेलावते. तरीही ते खोट्याला परवानगी देत नाहीत. परीक्षेत आम्ही हे उदाहरण लिहिले होते आणि पुढे संत थॉमस अक्वायनस ह्यांचे मतही जोडले होते, की दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेले खोटे हे इतर खोट्यांपेक्षा हलके असते, पण तेही खोटेच आणि तेही पापच. उत्तरपत्रिकेत हे लिहिताना एकही मूल समोर उभे नव्हते.

त्या रात्री आम्ही स्वतःशी पळवाटाही शोधल्या. धर्मगुरूला त्या जास्त माहीत असतात. "घरी गेली" म्हणजे निर्मात्याकडे गेली, असा अर्थ आमच्या मनात होता असे म्हणता येईल का? म्हणजे तोंडाने अर्धे बोलायचे आणि उरलेले अर्धे मनात ठेवायचे. ही युक्ती सतराव्या शतकात काही नीतिशास्त्र्यांनी इतकी ताणली की पोप अकरावे इनोसंट ह्यांना १६७९ साली तिचा निषेध करावा लागला. तेव्हा तीही वाट बंद. शिवाय, खरे सांगायचे तर तो अर्थ आमच्या मनात मुळीच नव्हता. आम्हाला फक्त ती रडायला नको होती. त्याहूनही खरे म्हणजे आमच्या चपलेकडे तिने पाहायला नको होते.

कोणी म्हणेल, साडेचार वर्षांच्या मुलीला मरण काय समजणार? हा मुद्दा खरा आहे. मरणारा परत येत नाही, त्याला भूक-थंडी लागत नाही, आणि हे प्रत्येकाला होणार आहे, ह्या गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमजू लागतात असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. पण त्यातूनच उलटा मुद्दा निघतो. ज्याला अजून नीट समजत नाही त्याला चुकीचा शब्द दिला तर तो त्या शब्दावरच घर बांधतो. मोठ्या माणसाला "ते देवाघरी गेले" म्हटले तर तो त्यामागचे समजून घेतो. मुलाला "गावाला गेले" म्हटले तर ते एस.टी.ची वाट पाहते. मुलगी मेथी राखत होती, ते तिचे वाट पाहणे होते. मे ते सप्टेंबर, पाच महिने.

आणि एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. खोटे बोलायचे नाही म्हणजे सगळे सांगितलेच पाहिजे असे नाही. ख्रिस्तसभेची शिकवण ह्या दोन गोष्टींत फरक करते. गप्प राहता येते, थांब म्हणता येते, "आजीला विचारू या" म्हणता येते. अळीच्या बाबतीत तर आम्ही सरळ म्हणू शकलो असतो, "ती लिंबाचं झाड खात होती म्हणून मी तिला मारलं." ती आमच्यावर रागावली असती. तेवढेच. साडेचार वर्षांच्या माणसाचा राग सहन न करू शकणारा माणूस प्रवचनपीठावर कसा उभा राहतो, असे कोणी विचारले तर आमच्याकडे उत्तर नाही.

इथे एक कबुली आणखी द्यायची आहे, आणि ती आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गाबद्दलची आहे. पास्काच्या वेळी आम्ही दरवर्षी मुलांना फुलपाखराचा तक्ता दाखवतो. अळी, कोश, फुलपाखरू. अळी मेली असे वाटते आणि मग पाहा, पंख! आम्हीही तो तक्ता वापरला आहे आणि सुंदर आहे म्हणून पुढेही भिंतीवर राहील. पण त्याने काही सिद्ध होत नाही. कोशातली अळी मेलेली नसते. ती आतून मोडून पुन्हा घडत असते, आणि आठ-दहा दिवसांत बाहेर येते. जी खरोखर मेली, जी आमच्या चपलेखाली गेली, तिचे फुलपाखरू झाले नाही. बियाचेही तसेच. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तर पीक देतो असे प्रभू म्हणाले ते लोकांच्या नेहमीच्या बोलीत, आणि स्वतःच्या मरणाविषयी. वनस्पतिशास्त्राने पाहिले तर आमच्या मुलीने उकरलेले बी मेले नव्हते. सडलेले बी उगवत नाही. बागेत जे पुन्हा येते ते न मेलेले असते. आमचा विश्वास मात्र ह्याहून अवघड गोष्टीवर आहे. जो खरोखर मेला, ज्याला थडग्यात ठेवले, तो उठला ह्यावर. मरण खरे नाही असे मुलांना भासवले तर पुनरुत्थानाला अर्थच काय उरला? मग तोही एक तक्ताच.

मनात एक शंका येत राहिली, आणि ती आपल्याही मनात आली असेल. प्रभूंनी स्वतः याईराच्या मुलीबद्दल ती झोपली आहे असे म्हटले नव्हते का? म्हटले होते. लाजरसाबद्दलही म्हटले. पण योहानकृत शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय घरी काढून वाचा. लाजरस झोपला आहे असे प्रभू शिष्यांना सांगतात. शिष्यांना वाटते की खरीच झोप, म्हणजे बरा होईल. त्यांचा गैरसमज झाला हे लक्षात येताच प्रभू तिथेच थांबतात आणि लाजरस मेला आहे असे उघड शब्दांत सांगतात. शब्द गोड असायला हरकत नाही. ऐकणारा त्याने फसतो आहे हे दिसल्यावर तो मागे घ्यायचा. आणि मग बेथानीला गेल्यावर, पुढच्या घटकेला काय होणार हे माहीत असूनही, प्रभू रडतात. आम्ही ह्या अध्यायावर किमान वीस वेळा प्रवचन दिले असेल. त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेकडे आमचे लक्ष गेले ते एका मेथीच्या क्रेटमुळे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींशी बोललो. बोलण्याची आमची पद्धत बरोबर नव्हती, हेही सांगतो. आम्ही जणू काही सिद्धांत मांडत होतो. मावशी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणे खाली ठेवले आणि म्हणाल्या, "फादर, तुमचं बरोबर असंल. पण रात्री ती माझ्याजवळ झोपते. तुमच्याजवळ नाही."

आम्ही गप्प झालो. गावाला गेले, हे त्या नुसते नातीला सांगत नव्हत्या. घराच्या दाराशी चपला वाजल्या की आपणही अजून मान वर करतो, असे त्यांनी नंतर कधीतरी सांगितले. पाच महिने त्या खोट्याच्या सावलीत दोघी जणी बसल्या होत्या. ऑगस्टीनच्या उदाहरणात मरणाच्या दारातला तो बाप आहे आणि त्याला उत्तर देणारा आहे. उत्तर देणाऱ्यालाही स्वतःच्या उत्तराचा आधार लागतो, हे त्यात कुठे नाही.

म्हणून आम्ही पुन्हा विषय काढला नाही. बागेत मात्र आमच्या वाट्याचे खरे बोलून टाकले. मुलगी आली तेव्हा सांगितले, "ती अळी घरी गेली नव्हती. मी तिला मारलं. आणि तुला खोटं सांगितलं." ती म्हणाली, "का?" मारण्याचे कारण तिला सांगितले. खोट्याचे कारण विचारले तेव्हा म्हणालो, "तू रडशील म्हणून." ती जरा विचार करून म्हणाली, "मी रडलेच असते." मग दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि तिने तोडगा काढला. कढीपत्ता अळ्यांचा, लिंबू आपले. लिंबावरची अळी कढीपत्त्यावर नेऊन ठेवायची. हे जमते, कारण कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला आहे आणि ह्या अळ्या तोही खातात. आमचा कढीपत्ता आता बराच ओका-बोका झाला आहे. मावशी फोडणीला बाजारातून जुडी आणतात आणि आमच्याकडे पाहतात.

संत फ्रान्सिस मठाच्या माळ्याला सांगत की बागेचा एक भाग मोकळा सोड, तिथे रानगवत आणि रानफुले आपोआप येऊ देत. पोप फ्रान्सिस ह्यांनी त्या परिपत्रकाच्या सुरुवातीलाच ही आठवण दिली आहे. आम्ही ते वाचले होते, आणि वाचून विसरलो होतो. कढीपत्ता हा आमचा सोडलेला भाग झाला तो संतांच्या शिकवणीने नव्हे, तहात हरल्यामुळे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या क्रेटमधली मेथी फुलावर आली. बारीक पांढुरकी फुले. मेथी फुलली की भाजी निबर होते, कडवट लागते. मावशी संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून पालक निवडत होत्या. मुलगी क्रेटपाशी होती. आम्ही खिडकीच्या आत होतो आणि आम्हाला बाहेर यायला नको हे कळत होते. मुलगी म्हणाली, "आजी, आजोबांना सांग लवकर या, नाहीतर कडू होईल."

मावशींनी पालकाची जुडी बाजूला ठेवली. तिला जवळ घेतले आणि सांगितले. कोणते शब्द वापरले ते आम्ही लिहीत नाही, ते त्यांचे आहेत. त्यात मेले हा शब्द होता, आणि येशूच्या हाती आहेत हेही होते. मुलगी लगेच रडली नाही. तिने विचारले, "मातीत?" मावशी म्हणाल्या, "हो, मातीत." "गांडुळांजवळ?" मावशी थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "हो." मुलीने मान डोलावली. गांडुळांशी तिची ओळख होती. रडली ती नंतर, जेवताना, आणि मावशीही रडल्या. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हते. आम्ही काही बोललो नाही.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिले. घरातले जन्म, भांडणे, उपास आणि मरणे त्या एकाच सुरात, काही न लपवता सांगतात. त्यांचे यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांना महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. फुले आणि मुले ह्यांना आपण एकत्र ठेवतो ते दोन्ही गोड म्हणून. मावशींनी 'स्मृतिचित्रे' वाचलेले नाही. पण त्या पायरीवरचा त्यांचा सूर आम्हाला ओळखीचा वाटला.

२ नोव्हेंबर जवळ आला आहे. परलोकवासी भाविकांच्या स्मृतिदिनी आपण दफनभूमीत जाऊन कबरींना आशीर्वाद देतो. दफनभूमीसाठी ग्रीक भाषेतून आलेला जो शब्द युरोपात रूढ आहे त्याचा मूळ अर्थ झोपण्याची जागा असा आहे. आपल्या आधीच्या ख्रिस्ती लोकांनी तो शब्द निवडला तेव्हा तिथे कोण पडले आहे हे त्यांनी कोणापासून लपवले नव्हते. दरवर्षी आम्ही पाहतो, त्या दिवशी मोठी माणसे येतात आणि मुलांना घरी ठेवतात. घाबरतील म्हणून, चिखल असतो म्हणून, प्रश्न विचारतात म्हणून. घरी कोणी मूल गावाला गेलेल्या, आकाशात तारा झालेल्या, दवाखान्यात थांबलेल्या कोणाची वाट पाहत असेल, तर ह्या आठवड्यात त्याच्या शेजारी बसायला वेळ काढा. काय सांगायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. ते मूल रात्री तुमच्याजवळ झोपते, आमच्याजवळ नाही.

ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी कबरींसाठी फुले घरचीच आणावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाल्कनीतल्या कुंडीतले एक आणले तरी चालेल. आमचा झेंडू ह्या वर्षी बरा आला आहे. सर्वांत मोठे फूल मात्र तोडता येणार नाही, त्यावर मधमाशी येते असे आम्हाला बजावण्यात आले आहे. बाकीची आजोबांना. मेथीच्या तिसऱ्या क्रेटचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. शेंगा धरू लागल्या आहेत. मावशी म्हणतात, राहू द्या.

आपला,
धर्मगुरू